'शाळेतलं संग्रहालय' बघायला जुन्या ठाण्यात निघाला असाल तर थांबा

ठाण्यातल्या एका जुन्या दगडी शाळेत आता शहराच्या इतिहासाचं संग्रहालय झालंय, रविवारी प्रवेश मोफत, असा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला असेल तर पुढे पाठवू नका. भर उन्हात पोचलो तर फाटकाला कुलूप. रखवालदार म्हणाला, "काका, इथे शाळाच भरते. विचारायला रोज कुणी ना कुणी येतं." शाळा चालू आहे हे उत्तमच. पण पनवेलहून आजीला घेऊन आलेलं एक कुटुंब माझ्यासमोर तसंच परत फिरलं, त्याचा संताप अजून जात नाही.

त्यात रिक्षा. मीटरचं किमान भाडं २६ रुपये, स्टेशन ते टेंभी नाका त्यातच बसतं. माझ्याकडे सरळ ऐंशी मागितले. मीटर टाकत नसेल तर बसू नका, चाला. मात्र स्टेशन ते जांभळी नाका हा पट्टा भयंकर आहे. फुटपाथ फेरीवाल्यांचा, रस्ता हातगाड्या आणि दुचाक्यांचा, आणि आपण मधे. बाबागाडी किंवा गुडघ्याचं दुखणं घेऊन इथे येऊच नका. दुकानं उघडायच्या आत हा पट्टा पार करा, दहानंतर अजिबात नको.

एवढं सोसून बघायचं काय? माझ्या मते ठाणे कारागृहाची भिंत. हे कारागृह म्हणजे पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधायला घेतलेला किल्ला. १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, १७७४ मध्ये इंग्रजांनी. दुसऱ्या बाजीराव पेशव्याचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथेच इंग्रजांच्या कैदेत होते आणि १८१६ मध्ये इथूनच निसटले. पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हतं, म्हणून बाहेरच्या एका मोतद्दाराने, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याने, गाणी म्हणत त्रिंबकजींना निरोप पोचवले, असं सांगतात. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी बाजीरावावर पुण्याचा तह लादला, त्यामागे हे पलायनही होतं. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं. आत सोडत नाहीत, फोटोही काढू नका. रस्त्यावर पाच मिनिटं उभं राहिलात तरी पुरे. माझ्या अंगावर काटा आला, थकवा कुठल्या कुठे गेला.

टेंभी नाक्यावर १८७९ चं बेने इस्रायली समाजाचं, म्हणजे इथल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंचं, सिनेगॉग (प्रार्थनास्थळ) आहे. आधी परवानगी घेतली नसेल तर बाहेरूनच बघावं लागेल. तलावपाळी आणि कौपिनेश्वर मंदिर सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यावर लिहीत नाही.

संग्रहालयाचीच ओढ असेल तर मराठी ग्रंथ संग्रहालय गाठा. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये सुरू झालेलं, ठाण्याबद्दल मन लावून वाचायची हीच जागा. वेळ मात्र फोन करून विचारा, मेसेजवर विसंबू नका. पाण्याची बाटली घरूनच भरून न्या.