एका फुटाला तीन सूत

मिस्त्रींनी भिंतीला टेप लावला आणि विचारलं, “आत काय ठेवायचंय, सर?”

“विमान.”

टेप सर्रकन आत गेला. मिस्त्री सिन्नरकडचे, साठीच्या आसपासचे, कानावर पेन्सिल. आमच्या सोसायटीतले निम्मे वॉर्डरोब आणि जवळजवळ सगळे देव्हारे त्यांच्या हातचे. फोनवर मी नुसतं ‘शोकेस करायचीय’ एवढंच म्हणालो होतो. ते बहुतेक मुलीच्या ट्रॉफ्या धरून आले असावेत.

“केवढं विमान?”

“बावन्न फूट,” मी म्हणालो. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं, मग दाराकडे. मलाच दया आली. “खरं विमान बावन्न फूट. मला ठेवायचंय ते त्याचा बत्तिसावा हिस्सा.”

“म्हणजे फुटाला तीन सूत,” ते म्हणाले. कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही. “बावन्न त्रिक एकशे छप्पन्न. साडेएकोणीस इंच. आन पंख?”

“साडेएकोणतीस फूट.”

“अकरा इंच अर्धा सूत.”

मी खुर्चीत बसलो. विमानांची छोटी मॉडेल्स जुळवायची, तीस वर्षं हा नाद करतोय. १/३२, १/४८, १/७२ हे आकडे जपासारखे तोंडात आहेत. पण ते सुताच्या हिशेबात बसतात हे कधी डोक्यात आलं नव्हतं. इंचाचे आठ सूत. फुटाला तीन सूत धरले की १/३२, दोन सूत धरले की १/४८, चार धरले की १/२४. ज्यांनी कधीकाळी ही मापं ठरवली ते साहेब लोकही फूटपट्टीवरच बोट ठेवून बसले असणार, आमच्या मिस्त्रींसारखे. फक्त १/७२ या हिशेबात बसत नाही. तिथे सहा फुटांना एक इंच, म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोब्बर इंचभर; पण फुटाचे सूत काढायला गेलं की एक सूत आणि वर काहीतरी चिंधी उरते. मला ७२ कधी मनापासून आवडलं नाही. आता कारण सापडलं.

आवडलं नाही म्हटलं तरी सुरुवात ७२नेच झाली. सगळ्यांचीच होते. आम्ही तेव्हा नाशिकजवळ ओझरला राहायचो, विमान कारखान्याच्या टाउनशिपमध्ये. पत्ता लिहिताना गावाच्या पुढे ‘मिग’ लिहायचं, बस कंडक्टरही “मिग, मिगवाले उतरा” म्हणायचा. त्यामुळे मिग हे गावाचं नाव आहे आणि गावावरून विमानाला नाव दिलंय, अशी माझी दुसरीपर्यंत पक्की समजूत होती. मिकोयान आणि गुरेविच अशी दोन माणसं होती हे कळलं तेव्हा जरा फसवल्यासारखं वाटलं. आभाळात विमान आलं की वर्गात बाई खडू फळ्यावर टेकवून नुसत्या उभ्या राहायच्या. खिडक्यांच्या काचा थरथरायच्या, मग आवाज निफाडच्या दिशेने ओसरायचा, आणि बाई अर्धं राहिलेलं वाक्य नेमक्या त्याच शब्दापासून पुढे चालू करायच्या. अजूनही कोणी बोलताना मध्येच थांबलं तर मी आधी वर बघतो.

वडील तिथेच, कारखान्यात. १९६४मध्ये मिग-२१ ही लढाऊ विमानं बांधायला तो निघाला. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला, आतली इलेक्ट्रॉनिक यंत्रं हैदराबादला अशी वाटणी. हे मला वडिलांनी सांगितलं नाही, पुढे वाचनातून कळलं. घरी कामाचं बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता, आणि नियम म्हणजे नियम. “आज काय केलं बाबा?” या प्रश्नाचं उत्तर वर्षानुवर्षं एकच: “काम.” डबा धुवायला टाकायचा, सायकलची चेन बघायची, विषय संपला.

आणि मग मुंबईच्या मामाने मला सातवीत एक खोका आणून दिला. मिग-२१, एकास बहात्तर, वर रंगीत चित्र. खोका उघडला तर आत करड्या प्लॅस्टिकच्या जाळीला लटकलेलं अख्खं विमान, आणि एक घडीचा कागद: हा तुकडा त्याला, तो याला, बाण, आकडे, सगळं. आमच्या घरात ज्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही ते परदेशातली कुठलीशी कंपनी नकाशासकट खोक्यात घालून मामाला विकत होती! मी कागद लपवून ठेवला. वडिलांना त्रास होईल असं वाटलं.

दोन दिवसांत विमान जुळवलं. झटपट चिकटणारा गोंद वापरला, त्याची वाफ बसून कॅनोपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची काच, मोतीबिंदू झाल्यासारखी पांढुरकी झाली. ती झाकावी म्हणून मी उघड्या स्थितीत चिकटवली. वडील कामावरून आले, विमान उचललं, डोळ्यांपाशी धरलं. मी गोंदाबद्दल बोलणी खायच्या तयारीत. ते म्हणाले, “ही उजवीकडे उघडते.” मी डावीकडे कलती चिकटवली होती. विमान खाली ठेवलं आणि हातपाय धुवायला गेले. त्या कारखान्यातली त्यांच्या तोंडून मला मिळालेली माहिती एवढीच. मी ती कॅनोपी पात्याने उकलून काढली आणि उजवीकडे लावली. तेव्हापासून कुठल्याही मॉडेलमध्ये मी आधी कॅनोपी बघतो. याला मित्र खोड म्हणतात.

मित्र म्हणजे आम्ही नाशकातले चार-पाच नादिष्ट. महिन्यातल्या एका रविवारी मिसळ खायला जमतो. मिसळ दहा मिनिटांत संपते, पुढचे दोन तास ‘यंदा काय येणार’ यात जातात. आमचं पंचांगही वेगळं आहे. संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाला लागला की जर्मनीतल्या न्यूरेंबर्गचं खेळण्यांचं प्रदर्शन येतं. कैऱ्यांचा भाव उतरला की जपानमधल्या शिझुओकाचं. दोन्हीकडे नवी किट्स जाहीर होतात आणि आमच्यातल्या प्रत्येकाला एकेका विमानाची आस लागलेली असते. आमच्यातल्या डॉक्टरांना सुखोई-३० एमकेआय, म्हणजे आपल्या हवाई दलाचं, हवंय, बत्तीसमध्ये. बत्तीसमध्ये सुखोई-३० मिळतं, पण ते चिनी कंपनीने केलेलं चिनी हवाई दलाचं, एमकेके. त्याला नाकामागचे दोन छोटे पंख नाहीत. आपल्याला आहेत. “ओझरला बनलेलं विमान माझ्याकडे बीजिंगच्या नावाने का ठेवू?” असं म्हणून डॉक्टरांनी तो खोका घेतला नाही, आणि दर महिन्याला घेतला नाही म्हणून हळहळतात. बँकेतून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ सदस्य बत्तीसमधला लँकेस्टर बॉम्बर बाळगून आहेत. पंख सव्वाअडतीस इंच. खोका दिवाणात, त्यावर गाद्या, गाद्यांवर पाहुणे. तो उघडायचा कधी असं विचारलं की ते म्हणतात, नातवाच्या मुंजीनंतर. मुंज होऊन गेली.

तामिया या जपानी मॉडेल कंपनीने आम्हाला बिघडवलं हे खरं. २००९मध्ये बत्तीसमधलं स्पिटफायर, २०११मध्ये मस्टँग, २०१३मध्ये कॉर्सेअर, २०१५मध्ये मॉस्किटो. दर दोन वर्षांनी एक, अधिक मासासारखं ठरलेलं. तुकडे असे की जोडल्यावर सांधा शोधावा लागतो. मग आम्ही २०१७ची वाट बघायला लागलो. ती अजून बघतोय. न्यूझीलंडमध्ये चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी हौसेपायी कंपनीच काढली होती, विंगनट विंग्ज. पहिल्या महायुद्धातली दोरा-तारांची विमानं, तीही बत्तीसमध्येच. दहा-अकरा वर्षं काय सुंदर कामं केली, आणि २०२०मध्ये बंद. त्या आठवड्यात मिसळीला कोणी तर्री वाढून घेतली नाही. (लॉकडाउन होता, मिसळ घरोघरी होती, पण फोनवर सगळ्यांनी हेच सांगितलं.)

माझी आस मारुतची. एचएफ-२४, भारतात बनलेलं लढाऊ विमान. बावन्न फूट, म्हणजे साडेएकोणीस इंच. कुर्ट टँक नावाच्या जर्मन माणसाने १९५६मध्ये भारतात येऊन ते आखलं, १७ जून १९६१ला बेंगळुरूत पहिल्यांदा उडालं, १४७ बनली, एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या आघाडीवर लढली. दिसायला इतकं देखणं की माणसाने नुसतं बघत बसावं: मधे कंबर बारीक, पंख मागे झुकलेले, आवाजाच्या पुढे पळण्यासाठीच कोरल्यासारखं. पण ज्या इंजिनाच्या भरवशावर ते आखलं ते इंजिन विलायतेत मध्येच रद्द झालं. मग हाताशी होतं ते कमी ताकदीचं बसवलं आणि जन्मभर त्यावरच काढलं. विमानाचीही एक वाट बघायची राहूनच गेली.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. याच कुर्ट टँकने आधी जर्मनांसाठी केलेलं फॉके-वुल्फ १९० घ्या. बत्तीसमध्ये हासेगावाने केलंय, रेव्हेलने केलंय, लांब नाकाचं, आखूड नाकाचं, हवं ते. बाप एकच, पण थोरल्याचे फोटो घरभर आणि धाकट्याचा एकही नाही. कुठल्याही बड्या कंपनीने बत्तीसमध्ये मारुत केलेलं नाही. दर जानेवारीत मी स्वतःला समजावतो की १४७ विमानांसाठी साचा कोण बनवेल, त्याचा खर्च केवढा, घेणारे आपण पाच. आणि त्यातले चार सुखोईवाले. आणि दर जानेवारीत रात्री दोन वाजता उठून फोन बघतो.

माझ्याकडे बत्तीसमध्ये पूर्ण झालेलं एकच आहे, मिग-२१. पंख पावणेनऊ इंच, पण लांबीला मांजराएवढं. त्यावर मी दोन वर्षं बसलो होतो. झालं तेव्हा वडिलांना दाखवायला नेलं. वडील ब्याऐंशीचे, दुपारी गॅलरीत पेपर वाचतात, ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवतात. त्यांनी चष्मा वर केला आणि पोटाच्या बाजूने अंगठ्याचं नख फिरवलं, रिव्हेटच्या रांगेवरून, शेपटापासून नाकापर्यंत. एका जागी नख थांबलं. मी वाट पाहिली. मग पुढे गेलं.

“केवढ्याचं म्हणालास?”

“एकास बत्तीस. मोठ्या आकाराचं असतं हे.”

“बत्तीस पट लहान केलंय,” ते म्हणाले, “आणि मोठं म्हणतोस.”

याला उत्तर नाही. आमच्या नादात आकडा लहान तितकं विमान मोठं, हे बाहेरच्या माणसाला समजावताना आपणच येडे ठरतो. नख कुठे थांबलं होतं ते मी नंतर भिंगाखाली पाहिलं. मला तिथे काही दिसलं नाही.

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडला मिग-२१ निवृत्त झालं तेव्हा टीव्ही लावला होता. वडील शेवटपर्यंत बसले. सलामी झाली, पाण्याचे फवारे उडाले. “चहा टाका,” म्हणाले. नंतर महिन्याभरात ओझरहून पहिलं तेजस उडालं, तेही पाहिलं. डॉक्टरांचा लगेच फोन: “आता तेजस बत्तीसमध्ये आलं पाहिजे!” आमची यादी अशी वाढते. एकही नाव कमी होत नाही.

मिस्त्रींनी तोवर पेन्सिलीने भिंतीवर तीन खुणा केल्या होत्या. वरचा कप्पा मिगला, मधला रिकामा, खालचा रंगाच्या बाटल्यांना. “मधल्याचं विमान आणा की,” ते म्हणाले, “एकदा ठेवून बघतो. काच लावायची तर नेमकं बसायला हवं.”

“ते अजून आलेलं नाही.”

“येणारे कधी?”

“तसं... अजून कोणी बनवलेलं नाही.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. माणूस इतकी वर्षं लोकांच्या घरात वावरलाय. जुळ्यांसाठी आधीच करून घेतलेले पलंग पाहिलेत, परदेशातल्या मुलाची खोली दर पाच वर्षांनी नवी करणारे पाहिलेत. काही बोलले नाहीत. साडेएकोणीसची खूण पुसली आणि वीसवर केली. “पावसाळ्यात प्लाय फुगतं,” म्हणाले. “अर्धा इंच जास्त असू द्या.”

शोकेस झाली. मधल्या कप्प्यात सध्या बायकोने कुरडयांचा डबा ठेवलाय, कारण तिथे ऊन येत नाही आणि मुंग्याही पोचत नाहीत. काल डबा बाजूला करून काच पुसत होतो. वडील मागे येऊन उभे राहिले. मी सहज विचारलं, “बाबा, मारुतची कॅनोपी कुठल्या बाजूला उघडायची हो?”

“मला काय ठाऊक,” ते म्हणाले. “ते बंगलोरचं.” आणि कुरडई घेऊन गॅलरीत गेले.