गार्डिनात गाडी बंदच पडेना

लॉस एंजेलिसला खेटून गार्डिना नावाचं गाव आहे. निसानचं अमेरिकेतलं मुख्यालय २००६ पर्यंत इथेच होतं, त्यामुळे जुन्या डॅटसन (निसानचंच जुनं नाव) गाड्यांवर हात चालणारी माणसं या भागात अजून सापडतात. अशाच एका छोट्या गॅरेजात मी काम करतो. मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात लेथवर उमेदवारी केलेला. आमच्याकडे बहुतेक ‘झेड’ गाड्याच येतात. १९६९ च्या ऑक्टोबरात जपानमध्ये ‘फेअरलेडी झेड’ म्हणून बाहेर पडलेल्या त्या दोन दारी गाडीचं घराणं अजून चालू आहे.

गेल्या जुलैत एक काका आले. साताऱ्याचे, सत्तरच्या दशकात इकडे शिकायला आलेले आणि रिव्हरसाइडला स्थायिक झालेले. सोबत १९७२ ची २४०झेड, तरुणपणी जुनी म्हणून घेतलेली. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांनी इंग्रजी तिथेच सोडून दिलं.

“अरे, कोरोनाजवळ बंद पडते. नेहमी दुपारी. अर्धा तास थांबलं की अशी सुरू होते, जसं काही झालंच नाही.”

(कोरोना हे गावाचं नाव. त्यावरचे विनोद ऐकून काका कंटाळलेत, मीही.)

आधीच्या गॅरेजने पंप बदलला होता, कॉइल बदलली होती, बिल लावलं होतं. मी पॉइंट-कंडेन्सरपासून, म्हणजे ठिणगी देणाऱ्या भागांपासून सुरुवात केली. कॉइल तापवून बघितली, पंपाचं प्रेशर मोजलं, टाकीत हवा घेणारं व्हेंट फुंकून बघितलं. सगळं ठीक. कार्बोरेटरही गोल डोक्याचे हिताची, म्हणजे चांगले. गाडी पुढच्या वर्षीची, १९७३ ची असती, तर मी पहिला संशय तिथेच घेतला असता. प्रदूषणाचे नियम कडक झाले म्हणून त्या वर्षी चपट्या डोक्याचे कार्बोरेटर आले, आणि ते काढून जुने गोल बसवणं हा इथल्या झेडवाल्यांचा पन्नास वर्षांचा धंदा आहे.

गाडी चालू ठेवून मी जेवून आलो. बाई आपल्या गुरगुरतायत! बंद पडायचं नावच नाही.

गॅरेजचा मालक शेजारच्या लिफ्टवर एका झेड३२ मध्ये, म्हणजे याच घराण्यातल्या नंतरच्या गाडीत, कोपरापर्यंत घुसला होता. मान वर न करता म्हणाला, इथे समुद्राचं वारं आहे, इथे ती कशाला मरेल? जा त्यांच्याबरोबर.

हे खरंच होतं. ९१ नंबरचा फ्रीवे गार्डिनात सुरू होतो आणि रिव्हरसाइडला संपतो. पण त्या दिवशी आमच्याकडे २५ अंश होतं आणि तिकडे १०४ फॅरनहाइट, म्हणजे आपले ४०. आम्ही मुद्दाम दुपारी निघालो. अनाहाइम ओलांडलं, सांता आना नदीच्या खिंडीत शिरलो आणि रोजच्यासारखा ट्रॅफिक जाम. एसी नाही. बंद पडायची वाट बघत बसायचं, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात विचित्र काम.

काका बोलायला लागले. १९७३ साली पूर्व आफ्रिकेची सफारी रॅली शेखर मेहता नावाच्या माणसाने २४०झेडमध्ये जिंकली, युगांडात जन्मलेला आपला भारतीय वंशाचा माणूस. ती बातमी वाचली तेव्हाच आपण हीच गाडी घ्यायची हे ठरवलं, असं काकांचं म्हणणं.

“केनियाच्या धुळीत, उन्हात ती पळाली. आणि माझी कोरोनात मरते?”

“इंजिन मरत नाही काका. त्याच्याजवळचं कुणीतरी मरतंय.”

“मग नवीन झेड का नाही घेतली म्हणून विचारशील.”

मी विचारणार नव्हतो, पण ते सांगतच सुटले. १९७८ ला २८०झेडएक्स आली ती त्यांना आवडली नाही. “गाडी कसली, सोफा!” इथे मला गप्प बसवेना. कारण त्या सोफ्याच्या बॉनेटखाली निसानने एक शहाणी गोष्ट केली होती. १९७५ च्या २८०झेडपासून कार्बोरेटर गेले आणि पेट्रोल फवारणारं बॉशचं इंजेक्शन आलं, तरी उष्णता काही जात नव्हती. म्हणून पुढे झेडएक्सला इंजेक्टरवर वारा घालणारा एक छोटा पंखा दिला. गाडी बंद करून मालक दुकानात शिरला तरी हा आत घोंघावत बसतो. मला तर या घराण्याचा इतिहास असाच दिसतो: बॉनेट लांबलचक, पण आत कायम भट्टी, आणि दर पिढीत त्या भट्टीवर नवा उपाय.

१९८३ च्या झेड३१ ला एका रांगेतल्या सहा सिलिंडरऐवजी व्ही६ मिळालं, त्याबद्दल मला फार बोलायचं नाही. १९८९ ची झेड३२ मात्र वेगळीच चीज. तीन लिटर, दोन टर्बो, दोन इंटरकूलर, अमेरिकेत ३०० हॉर्सपॉवर. जपानात कंपन्यांनी आपसांत २८० ची मर्यादा पाळली होती, म्हणून तिथे कागदावर तेवढीच. दिसायला इतकी देखणी, की तिचे हेडलाइट पुढे लॅम्बोर्गिनीने डियाब्लोवर वापरले. पण बॉनेट उघडा, पाना घालायला जागा नाही. इग्निशनचं एक मॉड्यूल आधी इंजिनवरच बसवलं होतं, ते उष्णतेने जायचं, म्हणून नंतर जागा बदलावी लागली. आमचा मालक सकाळपासून तिथेच तर अडकला होता. ही गाडी इतकी महाग होत गेली, की अमेरिकेतली विक्री १९९६ ला थांबली. मग २००२ ला ३५०झेड येईपर्यंत इथे नवी झेड मिळतच नव्हती. त्यानंतरची ३७०झेड भारतातही अधिकृतपणे विकली गेली, पण कोल्हापुरात माझ्या डोळ्यांना काही ती पडली नाही.

“आणि आत्ताची?”

“चारशे हॉर्सपॉवर. पुन्हा दोन टर्बो.”

“म्हणजे पुन्हा भट्टी,” काका म्हणाले, आणि गाडीने पहिला आचका दिला.

कोरोनाची पाटी समोर दिसत होती. दुसरा आचका, मग इंजिन मुकं. काकांनी सरावाने गाडी कडेला घेतली. या गाडीचं बॉनेट पुढच्या बिजागरीवर उघडतं, त्यामुळे पलीकडून वाकावं लागतं. पहिलं काय दिसलं तर पेट्रोलच्या पाइपवर ओळीने लावलेले कपड्यांचे लाकडी चिमटे.

“हे काय?”

“पाइप गार राहतो म्हणे. इथल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं.”

हा अमेरिकेतला जुना तोडगा आहे, ऐकून होतो, बघितला पहिल्यांदाच. चिमट्यांच्या शेजारी पारदर्शक फिल्टर होता. त्यात पेट्रोल राहिलंच नव्हतं म्हणायचं, नुसते बुडबुडे. पेट्रोल उकळत होतं. या इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, खाली एक्झॉस्टचं लाल झालेलं मॅनिफोल्ड आणि वर पेट्रोल. त्यात कॅलिफोर्नियातल्या आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल. उकळायला त्याला निमित्तच हवं असतं. मधे एक पत्रा असतो, उष्णता अडवणारा. तो आधीच्या गॅरेजने कधी काढला आणि परत लावला नाही, हे मी गार्डिनात असतानाच टिपून ठेवलं होतं.

पण नुसत्या पत्र्याने इतकं होईल हे मला पटत नव्हतं. कंपनीने या गाडीला परतीची नळी दिली आहे. जास्तीचं पेट्रोल पाइपमध्ये तापत न बसता फिरून टाकीत जावं म्हणून. मी पाइपला बोट लावलं, चटका बसला. मग परतीची रबरी नळी धरली. सुरुवातीला गरम, आणि वीतभर पुढे बाहेरच्या हवेइतकीच. फिरणारं पेट्रोल असं कधी करत नाही.

आधी खात्री करायची म्हणून काकांच्या बाटलीतल्या पाण्यात फडकं भिजवलं आणि पाइपवर गुंडाळलं. वाफ निघाली. पुन्हा भिजवलं. थोड्या वेळाने फिल्टरमध्ये पेट्रोलची रेघ चढताना दिसली. “मारा,” म्हटलं. लागली! अर्धा तास वगैरे काही लागला नाही.

काकांच्या घरी पोहोचल्यावर सावलीत ती नळी सोडली. बाहेरून अगदी शहाण्यासारखी, दोन्हीकडे क्लॅम्प. दाबत गेलो तर मधे एक टणक गाठ लागली. ब्लेडने चिरली, आणि बेअरिंगचा एक छर्रा टुणकन खाली पडून शेडमध्ये गडगडत गेला. कुणीतरी प्रेशर वाढवण्यासाठी परतीचा रस्ता मुद्दाम बुजवला होता, आणि बाहेरून कळू नये एवढी काळजीही घेतली होती. वाकड्या कामातही सफाई! उद्यमनगरात असल्या मिस्त्रीला उस्तादांनी दारात उभं केलं नसतं.

काकांनी छर्रा उचलून हातावर घेतला. “एवढ्याशा ह्यानं?”

“ह्यानं आणि पत्र्यानं.”

नवी नळी टाकली, आणि पुढच्या आठवड्यात पत्रा मालकाच्या माळ्यावरच्या एका भंगार गाडीतून काढून बसवला. चिमटे मी काढून काकांच्या हातात दिले, त्यांनी ते परत लावले. असू देत म्हणाले, नुकसान तर नाही ना.

ऑगस्टमध्ये भर दुपारी फोन आला. मागे ट्रॅफिकचा आवाज.

“कोरोनात आहे. चालू आहे!”

“वा.”

“पण अरे, डॅशवरचं घड्याळ चालत नाही. ते तू बघितलंच नाहीस.”

या गाड्यांमधलं चालू घड्याळ मी क्वचितच पाहिलंय. काकांना म्हटलं, आणा, पण त्याचं बिल वेगळं.