सेवा नेमकी कुणापुढे रुजू होते?

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा भरते. त्याआधी पायी निघालेल्या कितीतरी दिंड्या नाशकातून पुढे जातात. तेव्हा पहाटेची थंडी अशी, की बोटं वळत नाहीत. आमचं पंचवटीतलं भजनी मंडळ वारकऱ्यांना चहा-नाश्ता देतं. अशी सेवा करणारे शहरात पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच हे लिहितेय.

मागच्या पौषात शेजारच्या मांडवात एक आजोबा चहाचा कप धरून उभे होते. देणाऱ्या गृहस्थांचाही हात कपावर तसाच, कारण फोटो व्हायचा होता. आधी बॅनर नीट येईना, मग मध्येच कुणीतरी आलं. तोवर चहावर साय धरली. फोटो झाल्यावर आजोबांनी बोटाने साय बाजूला केली, एका घोटात चहा संपवला आणि ‘माउली’ म्हणत दिंडीत मिसळले.

कुणी म्हणेल, चहा पोचला ना? पोचला. वारकऱ्याचं काहीच बिघडलं नाही. बिघडतं ते देणाऱ्याचं, आणि त्याला ते कळत नाही. खोटं बोललं तर निदान मनाला टोचतं. कौतुकाची ओढ टोचत नाही, ती सत्कर्माच्या आड राहते. तिच्यापायी माणूस उलट जास्तच राबतो. पण हळूहळू देवापुढे बसलेलं मनसुद्धा कानोसा घ्यायला लागतं: आवाज लागला का, कुणी मान डोलावली का. ओठांवर विठ्ठल आणि लक्ष समोरच्या रांगेत! मग एखाद्या वर्षी कुणी दखल घेतली नाही, की भजनच सुटतं. अशी सुटलेली गोड गळ्याची, कष्टाळू माणसं मी पाहिली आहेत. फार हळहळ वाटते.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं आहेत, त्यातलं पहिलंच अमानित्व, म्हणजे मानाची ओढ नसणं. अंगी असलेलेच गुण कुणी वाखाणले, तरी असा माणूस पारध्याने घेरलेल्या हरणासारखा कासावीस होतो, असं ज्ञानोबा सांगतात. खोट्या नव्हे, खऱ्या स्तुतीने! आणि १२९० साली एवढा ग्रंथ सांगून त्यांनी सगळं श्रेय दिलं ते निवृत्तिनाथांना.

आमच्या मंडळातल्या एक काकू मांडवामागे बसून वारकऱ्यांच्या भेगाळलेल्या टाचांना कोमट तेल चोळतात. पुढे खुर्ची टाकू म्हटलं, तर म्हणाल्या, “मागंच बरं गं. पुढं बसले की माझं लक्ष टाचेवर राहत नाही.”

यंदाच्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. मांडवावर देणगीदारांची नावं नकोत, आणि वाटप चालू असताना मोबाइल पिशवीत राहू देत. देणग्या आटतील अशी काहींना भीती आहे आणि ती अगदीच अनाठायी नाही. पण हिशेब चोख ठेवून प्रत्येकाला पावती घरपोच देता येईल; ते काम मी घ्यायला तयार आहे.