लॅपटॉपवर सिम्युलेशन आणि फुगलेली बॅटरी: माझा अनुभव

जड कामाने लॅपटॉप खराब होत नाही, उष्णतेने होतो. आणि उष्णतेत सगळ्यात आधी जाते ती बॅटरी. एवढी साधी गोष्ट सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर पटवून देताना जो मनस्ताप झाला, त्याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे लिहायला बसले.

मी नागपूरला पीएचडी करते. प्रथिनाचा रेणू पाण्यात कसा हालतो, याची सिम्युलेशन्स (संगणकावरच्या गणिती नकला) ग्रोमॅक्स नावाच्या सॉफ्टवेअरवर चालवते. विद्यापीठाच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या ताकदवान संगणकांवर) रांग लांब, त्यामुळे कमी अणूंच्या छोट्या प्रणाली घरी लॅपटॉपवरच, विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) टाकून. एकेक रन कित्येक दिवस चालतो. इन्स्टॉलेशन वगैरे सुरळीत झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

एप्रिलअखेर टचपॅडची एक बाजू वर आलेली दिसली. क्लिक दाबलं जाईना. लॅपटॉप टेबलावर ठेवला की डुलायचा. बॅटरी फुगली होती. आतला इलेक्ट्रोलाइट (बॅटरीतलं रसायन) विघटित होऊन वायू तयार होतो आणि बॅटरीचं पाकीट फुगतं. असं दिसलं की लगेच रन थांबवा, चार्जर काढा, मशीन बंद करा. दाबून बसवायला जाऊ नका. पाकीट फाटलं तर आग लागू शकते.

वॉरंटीचा अकरावा महिना चालू होता. बॅटरीची वॉरंटी एक वर्षाची. मी निश्चिंत होऊन गेले. काउंटरवरच्या दादांनी लॅपटॉप उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मॅडम, टचपॅड उचललाय, हे फिजिकल डॅमेज. वॉरंटीत बसत नाही." टचपॅड बॅटरीमुळेच उचललाय, हे सांगितलं तर उत्तर आलं, "तुम्ही चोवीस तास वापरलाय ना? मग ओव्हरयूज." आणि हातात पैसे भरून दुरुस्ती करण्याचं एस्टिमेट.

मी वॉरंटीच्या अटी घरी येऊन शब्दन् शब्द वाचल्या. किती तास वापरावा याची मर्यादा त्यात कुठेही नव्हती. दुसऱ्यांदा गेले तेव्हा कागद घेऊन गेले. साहेब जेवायला गेलेत. साहेब आले तर म्हणे हे वरच्या ऑफिसला मेल करावं लागेल. मेल केला तर उत्तर नाही. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे." इकडे वॉरंटीचे दिवस सरत होते आणि माझा रन अर्धवट. मुदत संपेपर्यंत टोलवत राहायचं, असंच चाललंय याची मला खात्री वाटायला लागली.

इथे ज्या गोष्टीने माझी बाजू भक्कम केली, ती जॉब शीट, म्हणजे मशीन तपासायला घेतल्याची सेंटरची नोंद-पावती. पहिल्याच भेटीत मी तारखेसह जॉब शीट मागून घेतली होती. ते देत नव्हते, "नुसतं बघितलंय" म्हणत होते. मी हललेच नाही. तक्रार मुदतीत नोंदवली याचा तेवढाच पुरावा असतो. दुसरी गोष्ट, नकार लेखी मागा. "कुठल्या कलमानुसार नाकारताय ते लिहून द्या," म्हटल्यावर आवाज एकदम खाली आला. तिसरी, विंडोजचा बॅटरी रिपोर्ट. कमांड प्रॉम्प्टमध्ये powercfg /batteryreport ही आज्ञा दिली की एक फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता, सध्याची क्षमता आणि बऱ्याच मशीनवर चार्ज सायकलही (बॅटरी एकूण किती वेळा पूर्ण वापरली गेली) दिसतात. माझ्या सायकल अगदी कमी होत्या, कारण लॅपटॉप कायम चार्जरवरच. म्हणजे बॅटरीच्या ओव्हरयूजचा आरोप रिपोर्टच्या आकड्यांनीच खोडला. हा रिपोर्ट मशीन सुस्थितीत असतानाच काढून ठेवा.

तरी हलेनात. शेवटी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतला, आणि तो नंबर, जॉब शीट व रिपोर्ट जोडून कंपनीला मेल केला. मग मात्र सेंटरकडून स्वतःहून फोन आला. बॅटरी वॉरंटीतच बदलली, एक पैसा न देता. त्या दिवशी बाहेर पडताना मला खरंच अभिमान वाटला. जुनी बॅटरी तिथेच जमा करा, घरी आणू नका.

आता लॅपटॉप कसा चालवते ते. बॅटरी पूर्ण भरलेली आणि गरम, ही जोडी तिला सगळ्यात घातक. म्हणून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर. ही सोय बहुतेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) असते, पण बहुधा बंद असते. शोधून चालू करावी लागते. प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे गरजेनुसार आपोआप वाढणारा जादा वेग, बंद केला. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्के केलं की बस. वेग वाढवायला व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, त्यामुळे शेवटच्या थोड्या वेगासाठी उष्णता फार मोजावी लागते. माझ्या प्रोसेसरचं तापमान नव्वदीतून सत्तरीत आलं. रन थोडा लांबतो, पण आधी तरी प्रोसेसर तापून स्वतःच वेग कमी करत होताच.

एक राहिलंच: ग्रोमॅक्स मुळातच दर १५ मिनिटांनी चेकपॉइंट, म्हणजे रन कुठवर आला याची नोंद, लिहितं. त्यामुळे मे महिन्यात दुपारी रन थांबवून रात्री तिथूनच पुढे चालवता येतो. नागपूरच्या ४५ अंशांत कुठलाही कूलिंग पॅड खोलीतल्या हवेपेक्षा थंड हवा देऊ शकत नाही. डिस्कवरचं लिहिणंही कमी ठेवा: ट्रॅजेक्टरीच्या (रेणूच्या हालचालीच्या नोंदीच्या) फ्रेम गरजेपुरत्याच लिहा. आणि रॅममध्ये न मावणारी प्रणाली लॅपटॉपवर घेऊच नका, नाहीतर स्वॅपचं (रॅम भरल्यावर डिस्कवर होणारं) सतत लिहिणं एसएसडीचं आयुष्य खातं.

उन्हाळ्याआधी पंख्यातली धूळ काढून घ्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरा, नाहीतर जोरात फिरून बेअरिंग जातं.