न झालेल्या कामांचं पत्र

"बाई, तुम्ही पत्रात न झालेली कामं का लिहायचात?"

नगरसेविका असताना मी प्रभागातल्या लोकांना दर महिन्याला पत्र लिहायचे, आणि हा प्रश्न मला गेली आठ-नऊ वर्षं विचारला जातोय. आधी पक्षातल्या वडीलधाऱ्यांनी विचारला, मग शेजाऱ्यांनी. 15 जानेवारी 2026 ला महापालिकेची निवडणूक झाली आणि त्यानंतर आठवड्याभरात नव्याने निवडून आलेली एक मुलगी पेढे घेऊन घरी आली. शाळेत माझ्या हाताखालून गेलेली. पाया पडली, चहा झाला, आणि चपला घालता घालता तिनेही तेच विचारलं. "मलाही पत्र सुरू करायचंय. पण सगळे म्हणतात, बाईंसारखं 'झालं नाही, झालं नाही' लिहू नकोस, लोक तेवढंच लक्षात ठेवतात." दारात उभ्याउभ्या मी जे सांगितलं ते फार तुटक झालं. म्हणून आता नीट बसून लिहिते.

2017 ते 2022 मी ठाण्यात नगरसेविका होते. त्याआधी सव्वीस वर्षं शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणून प्रभागात अजूनही मला 'ताई' कोणी म्हणत नाही, 'बाई'च म्हणतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी प्रभागातल्या लोकांना पत्र लिहायचे. ए-फोरचा एक कागद, पाठपोट छापलेला. नौपाड्यातल्या एका छोट्या छापखान्यात दोन हजार प्रती निघायच्या. पेपर टाकणारी मुलं त्या सकाळच्या पेपरात घालून द्यायची. चाळींमध्ये पेपर फारसे जात नाहीत, तिथे मी आणि माझे यजमान स्वतः फिरायचो. पत्रावर माझा फोटो नव्हता, कारण फोटो आला की कागद जाहिरातीचा होतो आणि न वाचता रद्दीत जातो.

सुरुवात माझ्या एका चुकीतून झाली.

निवडून येऊन चार-पाच महिने झाले असतील. पाचपाखाडीला मुख्यालयात नरेंद्र बल्लाळ सभागृहात महासभा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी उपवन तलावाच्या काठाने चालत होते, तर आमच्या मागच्या इमारतीतले एक निवृत्त ड्राफ्ट्समन समोर आले. काठी टेकवून उभे राहिले. "काल आपल्या मैदानाचा विषय होता ना? तुम्ही काय बोललात?"

मी म्हटलं, "कुठलं मैदान?"

ते काही बोलले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, मग "असू दे" म्हणाले आणि पुढे गेले. ते "असू दे" मला अजून ऐकू येतं.

घरी येऊन मी गोषवाऱ्याचं पाकीट शोधलं. महासभेपुढे येणाऱ्या प्रत्येक विषयाची माहिती त्या गोषवाऱ्यात असते आणि तो सदस्याला सभेच्या आधी मिळतो. माझा मिळाला होता. जेवणाच्या टेबलावर, जुन्या पेपरांच्या खाली, चिकटपट्टी न काढलेला. फोडला आणि वाचला. आमच्या गल्लीला लागून असलेल्या मोकळ्या भूखंडाचं आरक्षण, म्हणजे ती जागा कशासाठी राखून ठेवलीय ते, बदलण्याचा प्रस्ताव होता. सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, नकाशा, सगळं होतं. मी त्या सभेत बसले होते. बाजूने बोलले नव्हते, विरोधही केला नव्हता. सभागृहात गप्प बसलेल्या माणसाचा होकारच धरतात. सव्वीस वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवणारी बाई स्वतःच्या घरासमोरच्या मैदानाचा कागद न वाचता बसली होती.

संध्याकाळी मी त्या काकांच्या घरी गेले आणि जे झालं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. उठून कपाटातून महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 काढला, चष्मा लावला आणि कलम 37 वर बोट ठेवलं. आरक्षणात फेरबदल करायचा असेल तर महासभेच्या मंजुरीने काम संपत नाही. नोटीस काढावी लागते, लोकांना हरकती-सूचना द्यायला एक महिना द्यावा लागतो, आणि शेवटची मंजुरी राज्य शासनाची. "म्हणजे अजून वेळ आहे," ते म्हणाले. "पण लोकांना कळलं तर."

माझं पहिलं पत्र ते. हाताने लिहिलेलं, कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढलेलं. पहिल्या परिच्छेदात लिहिलं की मी गोषवारा न वाचता सभेत बसले, ही माझी चूक. दुसऱ्यात हरकत कशी लिहायची, कुठे द्यायची, पोच कशी घ्यायची, शेवटची तारीख कोणती. लोकांनी हरकती दिल्या. काकांनी स्वतः नकाशा काढून जोडला. प्रस्ताव पुढे शासनाकडे गेला आणि माझी मुदत संपेपर्यंत त्याचा निकाल आला नव्हता. दर सहा महिन्यांनी पत्रात एक ओळ असायची, "मैदानाचा निर्णय अजून नाही." पोरं तिथे आजही क्रिकेट खेळतात. पण ती ओळ मी कधी गाळली नाही. गाळली असती तर लोकांनी धरलं असतं की विषय मिटला.

आता 'झालं नाही' या शब्दांबद्दल.

आमच्या प्रभागात डोंगराच्या पायथ्याला एक चाळ आहे. तिथलं गटार पावसात उलटं वाहतं, पाणी घरात शिरतं. निवडणुकीत प्रत्येकाने तिथे "यंदा करून देतो" म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं. अंदाजपत्रकात त्या कामाला तरतूद मिळाली नाही. मार्चच्या पत्रात मी लिहिलं: "चाळीमागच्या गटाराचं काम यंदाच्या अंदाजपत्रकात नाही. या पावसाळ्याआधी ते होणार नाही." छापखान्यातल्या माणसानेही विचारलं, बाई, हे असंच छापायचं ना?

मे महिन्यात त्या चाळीतली एक बाई घरी आली. चार घरी धुण्याभांड्याची कामं करते. तिने पिशवीतून प्लास्टिकची थैली काढली. आत रेशन कार्ड, मुलीचा शाळेचा दाखला आणि माझं मार्चचं पत्र, चार घड्या घातलेलं. तिला वाचता येत नाही, आठवीतल्या मुलीने वाचून दाखवलं होतं. नेमक्या त्या ओळीखाली पेनाने रेघ मारलेली होती. मला वाटलं, आता भांडण.

ती म्हणाली, "तुम्ही 'नाही' लिवलं ते बरं केलं. दरवर्षी आम्ही वाट बघत बसायचो, होईल होईल. यंदा आम्ही आठ घरांनी पैसे काढले, दारापुढे वीतभर ओटा बांधला. फ्रीज विटांवर चढवला." मग थांबून म्हणाली, "पन पुढच्या वर्षी होयल का, ते बी लिवा."

मी तिला पाणी दिलं आणि आत जाऊन डोळे पुसून आले. माझ्या 'हो'च्या भरवशावर ती माणसं किती पावसाळे भिजली, हे मला तोवर कळलंच नव्हतं. 'नाही' कळल्यावर माणूस आपल्या पैशाने, आपल्या हाताने काहीतरी करू शकतो. खोट्या 'हो'मध्ये त्याचं वर्ष जातं. दुसऱ्या वर्षी त्या कामाला तरतूद मिळाली, तिसऱ्या वर्षी निम्मं गटार झालं. निम्मंच झालं, हेही लिहिलं.

पाण्यावर मी सगळ्यात जास्त लिहिलं असेल. "समोरच्या सोसायटीला पाणी आहे, आम्हाला का नाही" हा फोन नगरसेविकेला सकाळी सहाला येतो. लोकांना वाटतं कोणीतरी मुद्दाम चावी फिरवतंय. ठाण्याचं पाणी एका ठिकाणाहून येत नाही, हेच बहुतेकांना माहीत नसतं. अलीकडच्या आकड्यांप्रमाणे शहराला दिवसाला साधारण 585 दशलक्ष लिटर मिळतं. त्यातलं 250 महापालिकेच्या स्वतःच्या योजनेचं, 135 एमआयडीसीचं, 115 स्टेमचं आणि 85 मुंबई महापालिकेकडून. स्टेम म्हणजे शहाड-टेमघरची पाणीपुरवठा यंत्रणा. चारही यंत्रणांची दुरुस्ती वेगवेगळ्या दिवशी निघते, म्हणून रस्त्याच्या या बाजूला नळ कोरडा आणि त्या बाजूला चालू. मी एकदा पत्राच्या मागच्या पानावर आमच्या प्रभागाचा कच्चा नकाशा काढला आणि कुठल्या इमारतीला कुठल्या जलकुंभातून पाणी येतं ते दाखवलं. तो कागद अजून काही सोसायट्यांच्या सूचनाफलकावर आहे, पिवळा पडलाय. फोन बंद झाले नाहीत. पण बोलणं बदललं. "बाई, आज स्टेमचं शटडाऊन आहे का?" असं लोक विचारू लागले. मला त्याचा फार आनंद व्हायचा, शाळेत पोराला एकदम भागाकार जमला की व्हायचा तसा.

पक्षात मात्र बोलणी बसली. एका ज्येष्ठांनी बोलावून समजावलं की असं लिहिणं म्हणजे समोरच्याच्या हातात काठी देणं आहे. तसं झालंही. एका चौकसभेत माझंच पत्र वाचून दाखवलं गेलं, "बघा, ह्याच कबूल करतात." मी तिथेच मागे उभी होते. वाचून झालं तेव्हा चाळीतला एक मुलगा ओरडला, "मग तुम्ही काय केलं ते पण लिहून द्या की!" सभेत तेवढ्यावर फार काही झालं नाही. पण रात्री मी शांत झोपले.

प्रभाग चार सदस्यांचा, हेही पत्र लिहिण्यामागचं एक कारण. 2017 पासून ठाण्यात 33 प्रभाग आणि 131 नगरसेवक. एका मतदाराला बहुतेक ठिकाणी चार मतं, आणि तक्रार घेऊन निघालं की चार दारं. चौघांपैकी कोणीही "ते माझ्याकडे नाही" म्हणू शकतो, आणि माणूस फिरत राहतो. कायद्यात 2009 पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. गावात ग्रामसभा बसते तसं मतदारांनी नगरसेवकासमोर बसून विचारायचं. तशी सभा रुजली असती तर माझ्या पत्राची फार गरज पडली नसती. पत्र त्यापुढे तोकडंच, त्यात मी बोलते आणि लोक ऐकतात. म्हणून शेवटी मी माझा नंबर आणि बसायची वेळ द्यायचे, आणि आधीच्या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी ज्यांचं उत्तर मला मिळालं नव्हतं ते प्रश्न तसेच छापायचे.

ही काही माझी नवीन शक्कल नाही. 1977 आणि 1980 ला ठाण्यातून लोकसभेवर गेलेले रामभाऊ म्हाळगी दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत. माझे सासरे त्यांच्या पक्षाचे नव्हते, मीही नाही. पण निवडून दिलेला माणूस वर्षाचा हिशोब लिहून देतो, याचं सासऱ्यांना शेवटपर्यंत कौतुक होतं. तेच माझ्या डोक्यात कुठेतरी राहिलं असणार.

मार्च 2022 मध्ये आमची मुदत संपली. निवडणूक झाली नाही. जवळपास चार वर्षं महापालिकेत प्रशासक, महासभेचे आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. नवी मुंबईत तर 2020 च्या मे महिन्यापासून हेच. घटनेत पाच वर्षांच्या आत निवडणूक असं लिहिलेलं आहे, हे मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायचे. त्या काळात "आता तुम्ही कोणीच नाही, पत्र कशाला" असं लोक विचारत, काळजीने विचारत. मी लिहीत राहिले, तीनशे प्रती, स्वतःच्या पेन्शनमधून. अंदाजपत्रकाचं पुस्तक मिळवायचं, आमच्या भागाचं काय आहे ते शोधायचं आणि लिहायचं. सभागृहात विचारायला कोणी नाही म्हटल्यावर निदान वाचायला तरी कोणीतरी हवं.

त्या काळातलं एक पत्र निम्म्या पानाचं आहे. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर गर्दीच्या लोकलमधून माणसं पडली आणि दगावली. रेल्वे महापालिकेच्या हातात नाही, माझ्या तर कशातच नव्हती. पण त्या महिन्यात नालेसफाईवर लिहायला हात उचलेना. देशातली पहिली प्रवासी रेल्वे 1853 मध्ये ठाण्यापर्यंत आली हे आपण अभिमानाने सांगतो, आणि आपलीच पोरं दाराला लटकून कामावर जातात. घरं आपण इकडे बांधत राहिलो, नोकऱ्या तिकडेच राहिल्या. घोडबंदरला आणि दिव्याला नवे मजले चढताना ही माणसं रोज जाणार कशी, हा प्रश्न मी माझ्या पाच वर्षांत सभागृहात एकदाही विचारला नव्हता. तेवढंच लिहिलं. त्या पत्राला सगळ्यात जास्त उत्तरं आली, बहुतेक बायकांची, ज्यांची मुलं ती गाडी पकडतात.

ह्या निवडणुकीला मी उभी राहिले नाही. गुडघे चालत नाहीत, आणि नव्या पोरी हुशार आहेत. पेढे घेऊन आलेल्या त्या मुलीने गेल्या आठवड्यात तिच्या पहिल्या पत्राचा कच्चा मसुदा पाठवला. नाल्याच्या संरक्षक भिंतीबद्दल तिने लिहिलंय: "यंदा होईल असं वाटत नाही." मी 'असं वाटत' खोडलं, कारण तिने अभियंत्याला विचारलं होतं आणि तिला उत्तर माहीत होतं. ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. छापखान्याचा नंबर दिला. आणि समासात लिहिलं की अक्षर मोठं घे, दोन ओळी कमी बसल्या तरी चालतील, चाळीत संध्याकाळी बल्ब मंद असतो.