निळं येतच नाही

"निळं येतच नाही गं, फिल्टर लाव." ग्वाल्हेर किल्ल्याच्या हत्ती पोल दरवाज्याजवळ, भर दुपारी एक वाजता, एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती. वर भिंतीवर निळ्या फरशांत पिवळ्या बदकांची रांग, 500 वर्षं न विटलेली.

ते "येतच नाही" डोक्यातून जाईना.

किल्ल्यावरच्या मानमंदिर राजवाड्याची ही कड्याकडची बाजू पूर्वेची. दुपारी ऊन पलीकडे सरकतं, भिंत सावलीत जाते, मागे आभाळ पांढरंफटक. मोबाइल त्या आभाळाला सांभाळतो आणि फरशा काळवंडतात. फिल्टर लावला की दगडही निळा होतो, मग बदकं शोधत बसा!

सूर्योदयानंतर तासाभरात या. गाडीचा रस्ता पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याचा. हे दृश्य हवं तर खालच्या आलमगीर दरवाज्यातून पायी चढा. आधी लेन्स रुमालाने पुसा, अर्धे फोटो तिथेच धूसर होतात. 0.5 झूम नको, बुरूज आडवे कलतात. मागे सरकून 2एक्स घ्या. बोट फरशीवर दाबून फोकस लॉक करा, उजेड किंचित कमी करा, निळा गडद उतरतो. साडी केशरी किंवा पांढरी. निळी नेसलात तर भिंतीत हरवाल.

आणि बदकांवरच थांबू नका. हत्ती, वाघ, मगर, केळीची झाडंही आहेत त्या फरशांत. केळी तर कुणाच्याच फोटोत दिसत नाहीत.

कुणाकडे आहे का सकाळचा फोटो? फिल्टरशिवायचा. टाका खाली.