मांडव पडला, मेढ उभी होती

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार. बुधवारी माझं लग्न होतं, आमच्याच मळ्यात. पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे, तिच्या कडेच्या मोकळ्या तुकड्यात मांडव घातला होता. सासरचे नाशिकचे, पंचवटीतले. पत्रिका वाटून झाल्या होत्या, येवल्याची पैठणी फॉल-पिकोहून परत आली होती, आचाऱ्याची यादी भरली होती. त्या संध्याकाळी निफाड तालुक्यावर गारा पडल्या.

किती वेळ पडल्या ते मला सांगता येत नाही. पत्र्यावर इतका आवाज होता की शेजारी बसलेल्या आईचं बोलणं ऐकू येत नव्हतं. थांबल्यावर दार उघडलं तर अंगणात पांढरा खच, लाईट गेलेली आणि मांडव आडवा. कापड फाटून तारांत अडकलं होतं. एका कोपऱ्यात मुहूर्तमेढ मात्र तशीच उभी होती, तिच्यावरची आंब्याची पानं झडलेली.

नाना, म्हणजे माझे वडील, बॅटरी घेऊन आधी बागेत गेले. ऑक्टोबरची छाटणी होती, म्हणजे काही वेली फुलोऱ्यात आणि काहींचे मणी बाजरीएवढे. अर्ध्या तासानं परत आले तेव्हा हातात मोडकी काडी होती. ती त्यांनी ओट्यावर ठेवली, पाय धुतले आणि आईला म्हणाले, "देवीनं अक्षता जरा आधीच टाकल्या. भटजींना कळव, त्यांचं काम हलकं झालं."

आई रडता रडता हसली. मी हसले नाही. मला त्या क्षणी नानांचा राग आला होता, हे मी खरं सांगते. वर्षाचं पीक गेलं, लग्नाला तीन दिवस, आणि या माणसाला विनोद सुचतोय. मग ते देवघरासमोर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. पहिली पत्रिका त्यांनी वणीच्या गडावर सप्तशृंगीपुढे ठेवली होती. वर जायला ट्रॉली असताना पायऱ्या चढून गेले होते. उठल्यावर मला म्हणाले, "बाई, पत्रिका देवीनं ठेवून घेतलीय, परत नाही पाठवली. म्हणजे तिचं येणं नक्की आहे. बसवायचं कुठं तेवढं आपण बघू."

रात्री गाडीला लावून फोन चार्ज केला आणि पहिला फोन व्याह्यांना. हे मी प्रत्येक लग्नघराला सांगेन: बातमी नातेवाइकांकडून पोचायच्या आत आपण स्वतः सांगावी. नाना सरळ बोलले. "पाहुणे, मांडव पडलाय, मुलगी धड आहे. तारीख तीच ठेवू, जागा उद्या सांगतो." पलीकडून सासरे म्हणाले, "जागा नाही मिळाली तर आमच्या दारात लावू." त्या एका वाक्यानं घरातलं निम्मं ओझं उतरलं.

सोमवारी कार्तिकी पौर्णिमा. भाऊ सकाळपासून फोनवर. नाशिकपर्यंतचे लॉन्स विचारून झाले. तुळशीची लग्नं उरकताच सगळीकडे लग्नं लागतात, त्यामुळे हॉल भरलेले, आणि जे रिकामे होते त्यांच्या हिरवळीत पाऊल रुतत होतं. नाना यात नव्हतेच. ते बागेत होते. उरलेल्या घडांवर डावणी, म्हणजे बुरशीचा रोग, येऊ नये म्हणून फवारणी लगेच हवी, आणि ओल इतकी की ब्लोअर जोडलेला ट्रॅक्टर दोनदा रुतला. काका चिडून म्हणाले, "पोरीचं लग्न तोंडावर आणि तू औषध मारतोयस?" नाना म्हणाले, "लग्न देवीकडं दिलंय. बाग तिच्याकडं दिली तर ती म्हणेल, हा काय करणार मग?"

दुपारी मंडपवाले आले. त्यांचं कापड गेलं, दोन पोरांना लागलं होतं. उचल परत कशी करू असं ते खालमानेनं म्हणाले. नानांनी त्यांना चहा दिला आणि हिशेब लग्नानंतर करू म्हणाले.

जागा संध्याकाळी मिळाली, तीही नानांच्या ओळखीतून. पिंपळगावच्या एका कांदा व्यापाऱ्याचं खळं. उन्हाळ कांदा संपत आलेला, लाल कांदा जेमतेम सुरू, म्हणून पत्र्याची मोठी शेड बरीचशी मोकळी होती. वर छप्पर, खाली पक्का कोबा, ट्रक वळतील एवढी जागा. शेठ म्हणाले, "वास येईल हो." नाना म्हणाले, "उलट बरं. पाठवणीला कुणाला रडू येत नसंल तर सोय होईल."

मंगळवार झाडण्या-धुण्यात गेला. भावाच्या मित्रांनी पाट्या, गोण्या, वजनकाटे कडेला लावले. पुन्हा पत्रिका छापायला वेळ नव्हता. भावानं जुन्या पत्रिकेच्या फोटोवर नवा पत्ता लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि ज्यांच्याकडे तो फोन नाही अशा म्हाताऱ्या माणसांना आईनं एकेकाला फोन केला. गोवऱ्या भिजल्या होत्या, त्यामुळे त्यांवर भाजायची बट्टी रद्द होऊन पुरी आली. हळद घरातच, पडवीत लागली. मुहूर्तमेढ हलवायची नाही असं आजी म्हणाली. मग तिला नवी आंब्याची डहाळी बांधली, आणि लग्नाच्या सकाळी मी तिच्या पाया पडून गाडीत बसले.

त्या पहाटे चारला मला जाग आली होती. बाहेर आले तर नाना बागेच्या बांधावर एकटे उभे. मला वाटलं रडत असतील. जवळ गेले तेव्हा कळलं, ते ओळी मोजत होते, कुठली वाचेल आणि कुठली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "दहा ओळी राहतील बघ." आवाज फार थकलेला होता. त्यांचा विनोद माझ्यासाठी आणि आईसाठी होता, हे मला तिथं समजलं. मी काही बोलले नाही, त्यांच्या शेजारी उभी राहिले.

लग्न छान लागलं. पंचवटीची वरात महामार्गानं तीसेक किलोमीटर आली आणि खळ्याच्या दारात वाजंत्री वाजली. मंगलाष्टका पत्र्याखाली अशा घुमल्या की माईकची गरज पडली नाही. कांद्याचा वास होता, पहिल्या पंगतीपर्यंत. नंतर मसालेभातानं तो झाकला.

पाठवणीच्या वेळी नाना माझ्यासमोर आले. कोबा दोनदा धुतलेला, लख्ख. त्यांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं आणि मागे वळून म्हणाले, "शेठ, एखादा कांदा राहिलाय का हो कुठं? बघा जरा."

दोन दिवसांनी मांडवपरतणीला आले तेव्हा तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आलेले होते. दारातली मेढ बघून तलाठी म्हणाले, "कार्य होतं वाटतं घरी?"

"झालं," नाना म्हणाले. "व्यवस्थित झालं. चला, आता बागेचं लिहून घ्या."